महाराजांनी चहा घेतला

संध्याकाळच्या वेळी कोल्हापुरात खासबाग मैदानाच्या बाजूने फेरफटका मारला, की खाऊगल्लीतल्या गाड्यांभोवतीची गर्दी दिसते. कुणी भेळेचा कागद हातात धरून उभा असतो, कुणी मिसळीच्या कटाचा झटका लागून नाक पुसत असतो, पोरांना घेऊन आलेली एखादी माउली वड्यांचा घाणा निघायची वाट पाहत असते. दहा मिनिटे उभे राहायचे, खिशाला परवडेल ते खायचे आणि घरी जायचे. कढईपाशी उभा असलेला माणूस कोणत्या जातीचा, शेजारी बशी धरून उभा आहे तो कोण, हे विचारावे असे आपल्या मनातही येत नाही. तेल ताजे आहे ना, चटणी झणझणीत आहे ना, एवढीच आपली चौकशी.

ही बेफिकिरी आपल्याला फुकट मिळालेली नाही. शंभर वर्षांपूर्वी याच शहरात एक चहाचे दुकान निघाले होते. चहा चांगला, भांडी स्वच्छ, तरीही वरच्या म्हणवणाऱ्या जातींचे गिऱ्हाईक तिकडे फिरकत नव्हते, कारण दुकानदार महार होता. ते दुकान चालावे म्हणून ज्याने भर रस्त्यात आपली गाडी थांबवून चहा मागवला, तो त्या संस्थानचा राजा होता. राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. आरक्षण, वसतिगृहे, राधानगरीचे धरण, कुस्तीचे मैदान, नाटक मंडळ्यांना दिलेला आश्रय, ही यादी पाठ असते. त्या यादीत हा चहा बहुधा गंमतीची गोष्ट म्हणून शेवटी येतो. पण राजा त्या दुकानापर्यंत कसा पोहोचला, हे पाहू लागलो, की ती गोष्ट गंमतीची राहत नाही.

कागलचे यशवंतराव

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळ नाव यशवंतराव. वडील जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब, आई राधाबाई मुधोळच्या घराण्यातल्या. आई १८७७ मध्येच गेली. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या अखेरीस अहमदनगरच्या किल्ल्यात अत्यंत दुर्दैवी अवस्थेत मृत्यू पावले आणि गादी रिकामी झाली. १७ मार्च १८८४ रोजी राणी आनंदीबाईंनी यशवंतरावांना दत्तक घेतले, आणि नऊ वर्षांचा मुलगा शाहू छत्रपती झाला. दोन वर्षांनी वडीलही गेले.

पुढचे शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि नंतर धारवाडला फ्रेजर साहेबांच्या देखरेखीखाली झाले. तिथे त्यांना इतिहास, कायदा, कारभार शिकवला गेला. मात्र या तरुणाचे मन रमायचे ते तालमीत, शिकारीत, घोड्यांत आणि शेतकऱ्यांत. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याची सूत्रे हाती आली तेव्हा त्यांना वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

गादीवर बसून दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि त्याच्या पाठोपाठ प्लेगही आला. संस्थानात तगाई आणि दुष्काळी कामे तर निघालीच, शिवाय स्वस्त धान्याची दुकाने उघडण्यात आली. कामावर येणाऱ्या बायांच्या लेकरांना सांभाळण्याची सोय केली गेली. राजाच्या कारभाराची सुरुवातच अशी गरिबाच्या चुलीपासून झाली. माणूस काय खातो, त्याला ते परवडते का आणि ते त्याला मिळते का, हे प्रश्न त्यांच्यासमोर पहिल्यांदा उभे राहिले ते दुष्काळात. पुढे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली. धान्य मिळाले, पैसेही मिळाले, तरी शेजारी बसून खाऊ दिले जाते का?

पंगतीची अडचण

वेदोक्ताचे प्रकरण सर्वांना माहीत आहे. १८९९ च्या कार्तिक महिन्यात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी राजपुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे महाराजांच्या लक्षात आणून दिले गेले. छत्रपतींच्या गादीवर बसलेल्या माणसालाही धर्माच्या दृष्टीने शूद्र मानले जाते, हा त्याचा अर्थ. वाद वर्षानुवर्षे चालला. दुसरा एखादा राजा असता, तर स्वतःपुरता मान मिळवून थांबला असता. शाहू महाराजांनी उलटा विचार केला. राजाची ही गत, तर ज्याच्या सावलीचाही विटाळ मानतात त्याचे काय होत असेल?

२६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. पण नोकरी द्यायची तर शिकलेली मुले हवीत आणि मुले शिकायची तर शहरात त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय हवी. इथेच खरी मेख होती. १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एक वसतिगृह काढून पाहिले होते. काही वर्षांतच ते जवळजवळ एकाच जातीच्या विद्यार्थ्यांचे झाले. एकत्र शिकणे एक वेळ जमेल, पण एकत्र जेवणे त्या काळच्या समाजाला मानवणारे नव्हते. स्वयंपाक कोणी करायचा, वाढायचे कोणी, कोणाच्या पंक्तीला कोण, यावरच सगळे अडायचे.

तेव्हा महाराजांनी व्यवहारी मार्ग काढला. १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. जातीजातींच्या वेगळ्या चुली मांडून जात कशी मोडणार, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. आक्षेपात तथ्य आहेच. पण मुले आधी शहरात टिकायला हवी होती, त्यांच्या पोटात वेळेवर भाकरी पडायला हवी होती. एका ताटाची गोष्ट महाराजांनी पुढच्या टप्प्यासाठी ठेवली, असे त्यांच्या उत्तरायुष्याकडे पाहिल्यावर वाटते.

चहा आणि प्रायश्चित्त

आज चहा हे आपल्याकडचे सर्वांत साधे, सर्वांत स्वस्त आदरातिथ्य आहे. त्या काळी तसे नव्हते. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. पुढे उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि प्रायश्चित्तावर येऊन मिटला. एवढ्या मोठ्या माणसांनाही ख्रिस्ती मिशनातला एक कप चहा पचवणे सोपे गेले नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरांतून चहाची दुकाने वाढू लागली. पेठेत आलेला शेतकरी, कोर्टाच्या कामासाठी आलेला पक्षकार, गिरणीचा कामगार अशा सर्वांना थोड्या पैशात बसायला जागा आणि घोटभर चहा मिळू लागला. पण दुकानाच्या पाटीबरोबर जातही दारात येऊन बसे. अस्पृश्य गिऱ्हाइकाला आत प्रवेश नसे. मिळालाच तर बाहेर उभे राहून, निराळ्या कपात, वरून ओतलेला चहा. कप त्यानेच विसळून ठेवायचा. पैसा मात्र त्याचाही चाले. ज्याला आत बसून चहा पिता येत नव्हता, त्याने स्वतःच चहाचे दुकान काढावे, ही कल्पनाही कोणाच्या डोक्यात येण्यासारखी नव्हती.

सत्यसुधारक

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. महाराज दिल्लीला गेले असताना एक दिवस पागेतल्या स्पृश्य नोकरांच्या पाण्याला ते शिवले, असा आरोप त्यांच्यावर झाला. तिथल्या मराठा नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज परतल्यावर सोनतळीच्या कॅम्पवर गंगाराम आणि त्यांचे सोबती गाऱ्हाणे घेऊन गेले. अंगावरचे वळ दाखवले. मारणारे राजाच्या जातीचे होते, पण त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. महाराजांनी त्यांना चाबकाने फोडून काढले, असे त्या वेळच्या आठवणी सांगतात.

पण शिक्षा केली म्हणून गंगारामांचा प्रश्न सुटत नव्हता. त्याच पागेत, त्याच माणसांमध्ये त्यांनी पुन्हा राबायचे, तर आज ना उद्या तेच घडणार. महाराजांनी त्यांना चाकरी सोडून स्वतःचा धंदा सुरू करण्यास सुचवले आणि भांडवलासाठी पैसेही दिले. गंगारामांनी कोल्हापुरातल्या भाऊसिंगजी रस्त्यावर, म्हणजे ऐन वर्दळीच्या ठिकाणी, हॉटेल थाटले आणि नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे वारे कोल्हापुरात तेव्हा वाहत होते. नावातच दुकानदाराने आपली बाजू सांगून टाकली होती.

दुकान नीटनेटके होते, चहा चांगला होता. गिऱ्हाईक मात्र येईना. रस्त्यावरून जाणारे येणारे पाटी वाचत, मालक कोण ते एकमेकांना सांगत आणि पुढे जात. महाराने केलेला चहा प्यायचा म्हणजे बुडालेच सगळे! ज्या माणसाला पाण्याला शिवला म्हणून मार बसला, तो आता दुधापाण्याचा पदार्थ लोकांच्या हातात ठेवू पाहत होता.

ही गोष्ट महाराजांच्या कानी गेली. कोल्हापुरात फेरफटका मारताना ते खडखड्यातून हिंडत असत. घोड्यांची ती उघडी गाडी सगळ्या शहराच्या ओळखीची. एक दिवस तो खडखडा ‘सत्यसुधारक’च्या दारात येऊन थांबला. महाराजांनी तिथूनच मोठ्या आवाजात चहा मागवला. भरदार देहाचा राजा भर रस्त्यात कप तोंडाला लावतो आहे, हे दृश्य पाहायला माणसे गोळा झाली. महाराजांबरोबर ब्राह्मण, मराठा अशी वरिष्ठ जातींची मंडळी असत. त्यांच्याही हातात कप आले. राजा पितो आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

हे एकदाच झाले असते, तर चार दिवस चर्चा होऊन विरले असते. महाराजांनी त्याचा शिरस्ताच केला. फेरीच्या वाटेवर गाडी तिथे थांबू लागली. एवढेच नव्हे, तर ज्यांना कागदावर महाराजांची सही हवी असेल, त्यांनी गंगारामांच्या हॉटेलात यावे, असाही निरोप जाई. माणूस कागद घेऊन येई. आधी चहा, मग सही. पुढे गंगारामांना सोडावॉटरचे यंत्रही त्यांनी मिळवून दिले. हळूहळू दुकानाचे नाव झाले, आणि महाराज नसतानाही लोक चहाला येऊ लागले.

हुकूम आणि सवय

सहीसाठी चहा पाजणे ही एक प्रकारची सक्तीच नव्हे काय, असे कोणी विचारील. होती, यात शंका नाही. शाहू महाराज संस्थानिक होते, त्यांच्या शब्दाला कायद्याचे बळ होते आणि ते वापरायला त्यांनी संकोच केला नाही. तरीही या सक्तीची जात निराळी आहे. सहीसाठी आलेला माणूस एकदा तो चहा पिऊन बाहेर पडे, तेव्हा त्याच्या लक्षात येई, की आपल्याला काहीच झाले नाही. धर्म बुडाला नाही, आभाळ कोसळले नाही, उलट चहा बरा होता. ही खात्री कोणत्याही फर्मानाने पटवता आली नसती.

आणि फर्माने तर महाराज काढतच होते. १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम निघाला. १९१८ मध्ये महार वतने रद्द होऊन त्या समाजाची पिढीजात वेठबिगार सुटली. १९१९ मध्ये शाळा, दवाखाने, विहिरी, धर्मशाळा अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यांना बरोबरीने वागवण्याचे आदेश दिले गेले आणि त्यांच्यासाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर बसवण्याचे ठरले. आज्ञा मोडणाऱ्या सरकारी नोकरावर कारवाई करता येत होती. पण चहाच्या दुकानाचे काय? विहीर सरकारी असते, शाळा सरकारी असते. अमक्याच्या दुकानात जाऊन चहा प्या, असा हुकूम प्रजेला कसा काढणार? कोणी कोणाच्या हातचे खावे, हे शेवटी प्रत्येक माणूस आपल्या मनाशी ठरवतो. तिथे राजाला आपले दुसरे अधिकार बाजूला ठेवून गिऱ्हाईक व्हावे लागले.

गिऱ्हाईक होण्यात आणखी एक बारकावा आहे. महाराज गंगारामांना नुसती मदत देऊन मोकळे झाले असते, तर गंगाराम उपकृत राहिले असते. दुकान निघाल्यावर मात्र ते मालक झाले आणि राजा त्यांच्या दारात आला. दान घेणाऱ्याचा हात खाली असतो, चहा देणाऱ्याचा हात वर असतो. भीक, बक्षीस आणि धंदा यांतला हा फरक महाराजांना चांगला कळत होता. म्हणूनच अस्पृश्य समाजातल्या तरुणांना त्यांनी गाडीवान केले, माहूत केले, वकिलीच्या सनदाही दिल्या. त्यांना लोकांच्या डोळ्यांसमोर, कामाच्या जागी आणून उभे केले.

माणगाव आणि एक ताट

मुंबईत परळच्या चाळीत राहणाऱ्या तरुण डॉ. आंबेडकरांना महाराज स्वतः जाऊन भेटले. १९२० मध्ये ‘मूकनायक’ पत्रासाठी त्यांनी आर्थिक साहाय्य दिले. त्याच वर्षी मार्च महिन्यात कागल भागातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी आंबेडकर होते. महाराज तिथे आले, आता तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले आणि परतण्यापूर्वी डॉ. आंबेडकरांना रजपूतवाडीच्या कॅम्पवर आपल्याबरोबर भोजनाचे निमंत्रण दिले. वसतिगृहांच्या वेळी जी पंगत जमत नव्हती, ती वीस वर्षांनी अशी जमली. भाऊसिंगजी रस्त्यावरचा चहा आणि रजपूतवाडीचे जेवण या दोन गोष्टी एकाच वाटेवरच्या आहेत.

त्यानंतर महाराजांच्या हाती फार दिवस उरले नव्हते. १९१८ मध्ये धाकटे चिरंजीव शिवाजी शिकारीत अपघाताने गेले. तो घाव खोल होता. प्रकृतीही साथ देईनाशी झाली होती. ६ मे १९२२ रोजी मुंबईत ‘पन्हाळा लॉज’मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

राजे-महाराजांची स्मारके सरदार, दरबारी आणि संस्थानी खजिना उभारतात, ही जगाची रीत. शाहू महाराजांचे पहिले स्मारक मात्र १९२५ मध्ये कोल्हापूरच्या नर्सरी बागेत उभे राहिले, ते गंगाराम कांबळे आणि त्यांच्या समाजबांधवांच्या पुढाकाराने. दारात येऊन चहा पिणाऱ्या गिऱ्हाइकाचे ऋण दुकानदाराने असे फेडले.

दुसऱ्या दिवशीचे गिऱ्हाईक

१९५० मध्ये भारताची राज्यघटना अमलात आली. माणगावच्या त्या परिषदेचे अध्यक्षच आता घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, हे आपल्याला ठाऊक असते. पंधराव्या कलमाकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेत उपाहारगृहाचा उल्लेख यावा, याचे नवल वाटायला नको. ज्यांनी चहाच्या दुकानाबाहेर उभे राहून दिवस काढले होते, त्यांना त्या शब्दाची किंमत माहीत होती. पुढे १९५५ च्या कायद्याने असा मज्जाव करणे हा गुन्हा ठरवला.

तरीही घटनेने उघडते ते गिऱ्हाइकासाठी दुकानाचे दार. दुकानदाराकडे गिऱ्हाईक पाठवणे घटनेच्या हाती नाही. दक्षिणेतल्या काही खेड्यांत चहाच्या टपरीवर दोन तऱ्हेचे पेले ठेवल्याच्या बातम्या या शतकातही आल्या आहेत. आणि आपण शहरातले शहाणे? गाडीवरच्या मालकाला आपण जात विचारत नाही, हे खरे. पण गावी गेल्यावर कोणाच्या घरी चहा घेतो आणि कोणाकडे आत्ताच झाला म्हणून सांगतो, याचा हिशेब प्रत्येकाने आपापल्या घरात करण्यासारखा आहे. मुलांना शाहू महाराजांची गोष्ट सांगताना हाही प्रश्न निघाला, तर बरेच.

कोणतेही दुकान राजाच्या एका फेरीवर चालत नाही. त्याला रोजचा गल्ला लागतो, दूध उकळत ठेवायला रोजचे गिऱ्हाईक लागते. महाराजांनी सुरुवात करून दिली, पण ‘सत्यसुधारक’ चालवले ते महाराज नसताना, कोणतीही सही घ्यायची नसताना, केवळ चहा प्यायला म्हणून आत शिरलेल्या माणसांनी. त्यांची नावे इतिहासाने टिपून ठेवलेली नाहीत. पहिल्यांदा आत पाऊल टाकताना त्यांनी रस्त्यावर इकडेतिकडे पाहिले असेल, घरी बोलणी खाल्ली असतील, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले असतील. खाऊगल्लीत आज आपण निश्चिंतपणे बशी हातात घेतो, त्यात महाराजांइतकाच त्या अनामिक गिऱ्हाइकांचाही वाटा आहे.